छापखान्याच्या गेटवेतून एफटीपी: कामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

सांगलीतल्या एका ऑफसेट छापखान्याचं नेटवर्क मी बघतो. दिवाळी अंकांचा हंगाम तोंडावर आलाय. पुण्या-मुंबईचे संपादक आणि डिझायनर पानांच्या पीडीएफ आणि मुखपृष्ठांच्या टिफ फाइली एफटीपीने (फाइली पाठवायची जुनी पद्धत) इथल्या सर्व्हरवर टाकतात. शिवाय इथला मोठा स्कॅनर जुन्या अंकांची पानं स्कॅन करून पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर थेट पाठवतो, तेही एफटीपीनेच. म्हणजे वाहतूक दोन्ही दिशांनी आहे आणि दोन्ही नॅटमधून (आतल्या मशीनचे खाजगी पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणाऱ्या सोयीतून) जाते. हे ज्या राउटरवर चालत होतं तो गेल्या आठवड्यात पावसात वीज पडली तेव्हा जळाला.

त्याच्या जागी दुकानातून नवा राउटर आणणं सोपं होतं. पण त्यात एफटीपीचं आत नेमकं काय होतं ते बघायला मिळत नाही, आणि ऐन हंगामात अडलं तर हातावर हात ठेवून बसावं लागतं. मालकांशी बोलून जुन्या पीसीचाच गेटवे (आतलं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधलं मशीन) करायचं ठरवलं. त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. एक नेटवर्क कार्ड बोर्डावर आहे, दुसरं गिगाबिट कार्ड ८५० रुपयांना आणलं. आतलं नेटवर्क १९२.१६८.१० चं; सर्व्हर १९२.१६८.१०.५ वर, स्कॅनर १९२.१६८.१०.४० वर. सर्व्हरवर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपीचा प्रोग्राम आहे. बाहेरचा खरा पत्ता इथे लिहीत नाही. उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी २०३.०.११३.७ हा सगळीकडे वापरलाय.

एसएफटीपी (फाइली पाठवायची वेगळी, सुरक्षित पद्धत) का नाही, हे आधी लिहून ठेवतो. एसएफटीपी सगळं काम २२ नंबरच्या एकाच पोर्टवरून (मशीनच्या एका क्रमांकाच्या दारातून) करतं, नॅटला त्याचा काही त्रास नाही. दोन्ही टोकं तुमच्या हातात असतील तर तेच वापरा आणि या नोंदी वाचण्यात वेळ घालवू नका. आमच्या स्कॅनरच्या मेनूत एफटीपी आणि विंडोज शेअर एवढेच दोन पर्याय आहेत. आणि दिवाळीच्या तोंडावर पंधरा-वीस गिऱ्हाइकांना "तुमची पद्धत बदला" असं सांगायची सोय नाही.

१४ ऑगस्ट

गेटवे उभा राहिला, आतल्या सगळ्या मशीनना इंटरनेट मिळालं. २१ नंबरचं पोर्ट बाहेरून सर्व्हरकडे वळवलं. बाहेरून मोबाइलच्या नेटवरून जोडून बघितलं तर लॉगिनपर्यंतही जात नाही. बाहेरच्या कार्डावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं हत्यार) लावून ठेवला, एक पॅकेटही येत नव्हतं.

तेव्हा बाहेरच्या कार्डाला मिळालेला पत्ता नीट वाचला. तो १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता. हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या नॅटसाठी राखून ठेवला गेला. म्हणजे कंपनीकडेच आणखी एक नॅट आहे आणि बाहेरून येणारी जोडणी तिथेच थांबते. जुन्या जोडणीवर स्थिर पत्ता होता; राउटर बदलताना फायबरची योजनाही बदलली गेली आणि त्यात तो गेला.

तुम्ही हे काम करणार असाल तर पहिल्याच तासात बाहेरच्या कार्डाचा पत्ता बघा. तो १०.x, १९२.१६८.x, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशात बसत असेल तर बाकी कशालाही हात लावायच्या आधी कंपनीला फोन करा.

स्थिर पत्त्याचे वर्षाचे २,४०० रुपये आणि वर कर, असे पैसे भरले. पत्ता यायला पुढचा आठवडा लागेल म्हणाले. तोवर गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह कुरिअरने पाठवतायत.

२० ऑगस्ट

पत्ता आला. २१ चं पोर्ट बाहेरून उघडलं, लॉगिन झालं. एवढ्यावर दिवस संपवला.

२१ ऑगस्ट

सकाळी पुण्याहून फोन. "दादा, लॉगिन होतंय, पण फोल्डर उघडतच नाही. नुसतं फिरत बसतंय." एफटीपी आणि नॅटचं भांडण नेहमी असंच दिसतं. पासवर्ड स्वीकारला जातो, आणि यादी मागितली की सगळं थांबतं.

कारण असं. एफटीपी दोन जोडण्या वापरतं. २१ वरच्या पहिल्या जोडणीवर फक्त बोलणं होतं. फाइल किंवा यादी दुसऱ्या जोडणीवरून जाते, आणि ती कुठे जोडायची हे पहिल्या जोडणीतल्या मजकुरातच लिहिलेलं असतं. पॅसिव्ह पद्धतीत (दुसरी जोडणीही सर्व्हरला जोडणाऱ्याकडूनच होते) सर्व्हर २२७ या आकड्याने सुरू होणारं उत्तर देतो आणि त्यात सहा आकडे असतात: पहिले चार म्हणजे पत्ता, शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. टीसीपीडम्पमध्ये आज हे दिसलं:

२२७ … १९२,१६८,१०,५,१९५,८०

१९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५०,०००. सर्व्हर पुण्याच्या माणसाला सांगतोय की १९२.१६८.१०.५ वर ५०,००० नंबरच्या पोर्टला ये. नॅटने पाकिटावरचा पत्ता बदलला, आतल्या चिठ्ठीवरचा तसाच राहिला.

फाइलझिलासारखी क्लायंट (सर्व्हरला जोडणाऱ्याकडचे प्रोग्राम) हे ओळखतात. 'सर्व्हरने पोचता न येणारा पत्ता दिला, त्याऐवजी सर्व्हरचाच पत्ता वापरतो' अशा अर्थाची ओळ त्यांच्या लॉगमध्ये येते. मग ती २०३.०.११३.७ च्या ५०,००० वर येतात आणि आमचा गेटवे त्यांना टाकून देतो, कारण तिथे कुठलाच रूल नाही. दोन्हीकडून परिणाम एकच: थांबून राहणं.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे, तेव्हा एमआयटीत होते. आज वापरात आहे तो मसुदा ऑक्टोबर १९८५ चा. नॅटचा पहिला मसुदा आला मे १९९४ मध्ये. मजकुरात पत्ता लिहायचं ठरलं तेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता असे. एफटीपीच्या आखणीला नावं ठेवणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही. त्या काळात ती बरोबरच होती.

२२ ऑगस्ट

आजचा दिवस गेटवेकडून मजकूर बदलून घेण्यात गेला. लिनक्समध्ये यासाठी दोन मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडायचे तुकडे) आहेत: एनएफ-कॉनट्रॅक-एफटीपी आणि एनएफ-नॅट-एफटीपी. पहिलं २१ वरचं बोलणं वाचतं आणि 'आता अमुक पोर्टवर एक जोडणी येणार आहे' अशी अपेक्षा नोंदवतं. दुसरं मजकुरातला पत्ता बदलतं. दोन्ही लागतात.

जुन्या मार्गदर्शिकांत लिहिलेलं असतं की मॉड्यूल चढवा, झालं. दोन्ही चढवले, काही फरक पडला नाही. इथे तास-दीड तास गेला. पूर्वी कर्नल २१ नंबरचं पोर्ट दिसलं की आपणहून हेल्पर (हे बोलणं वाचणारं मॉड्यूल) जोडून द्यायचा. कर्नल ४.७ पासून ते आपोआप जोडणं बंद ठेवलं गेलं, कारण कुणीही त्या पोर्टवर काहीही बोलून फायरवॉलच्या भिंतीत भोक पाडू शकत होतं. डेबियन १२ च्या ६.१ कर्नलमध्ये तर ते परत चालू करायचा खटकाच उरलेला नाही. आता कुठल्या जोडणीला हेल्पर लावायचा ते एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलच्या रूलांत) स्पष्ट लिहावं लागतं. आधी टेबलात 'सीटी हेल्पर' नावाची वस्तू जाहीर करायची (प्रकार एफटीपी, प्रोटोकॉल टीसीपी), आणि मग प्रीराउटिंगच्या साखळीत (पॅकेट आत येताच लागणाऱ्या रूलांच्या यादीत) 'टीसीपीचं पोर्ट २१ असेल तर हा हेल्पर लाव' असा रूल द्यायचा.

हेही लिहिलं, तरी थंड. कसलीही चूक दाखवत नाही, रूलपुढचा मोजणीचा आकडा वाढतोय, पण अपेक्षा नोंदली जात नाही. घोळ साखळीच्या क्रमात होता. आयपीटेबल्सच्या (एनएफटेबल्सच्या आधीच्या व्यवस्थेच्या) काळात हा रूल रॉ टेबलात असायचा, म्हणून मी साखळीला रॉचा क्रम, उणे ३००, दिला होता (लहान आकडा आधी चालतो). कॉनट्रॅक (जोडण्यांची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग) स्वतः उणे २०० वर जागा होतो. त्याआधी एनएफटेबल्सच्या रूलला हेल्पर लावायला जोडणीची नोंदच सापडत नाही, आणि तो मुकाट्याने पुढे जातो. क्रम ० केला.

त्यानंतरही पुण्याच्या माणसाला यादी दिसेना. त्याचं क्लायंट सकाळपासूनच्या उघड्या जोडणीवरच पुन्हा पुन्हा मागत होतं. हेल्पर नव्या जोडणीलाच लागतो, आधीच नोंदलेल्या जोडणीला लागत नाही. त्याला पूर्ण बंद करून परत लॉगिन करायला सांगितलं.

यादी आली.

कॉनट्रॅकच्या हत्याराने अपेक्षांचे प्रसंग चालू ठेवून बघत होतो. २२७ चं उत्तर गेलं त्याच क्षणी एक ओळ उमटली, पुढे ३०० सेकंदांची मुदत. तेवढ्यात ती दुसरी जोडणी आली नाही तर अपेक्षा रद्द होते. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी टीसीपीडम्प लावला, तर आतल्या कार्डावर १९२,१६८,१०,५ आणि बाहेरच्या कार्डावर २०३,०,११३,७. आणखी एक बारीक गोष्ट दिसली. पहिला पत्ता लिहायला बारा अक्षरं लागतात, दुसरा लिहायला अकरा. म्हणजे पॅकेट एका बाइटने लहान झालं. टीसीपी तर प्रत्येक बाइट मोजतं; म्हणून त्यापुढच्या प्रत्येक पॅकेटचा आणि प्रत्येक पोचपावतीचा क्रमांक गेटवेला त्या एका बाइटने सरकवत राहावं लागतं, जोडणी संपेपर्यंत. दोन्ही बाजूंचे क्रमांक मी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितले. बरोबर एकाचा फरक, शेवटपर्यंत.

दुसऱ्या जोडणीसाठी वेगळा पोर्ट वळवायचा रूल लागत नाही, ती पहिलीच्या मागोमाग आपोआप आत जाते. फॉरवर्डच्या (गेटवेमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या) साखळीत मात्र 'रिलेटेड' (आधीच्या जोडणीशी संबंधित) अवस्थेला परवानगी हवी.

२८ ऑगस्ट

स्कॅनर. हा फक्त ॲक्टिव्ह पद्धत जाणतो. म्हणजे स्कॅनर पुण्याच्या सर्व्हरला स्वतःचा पत्ता आणि पोर्ट सांगतो, आणि सर्व्हर आपल्या २० नंबरच्या पोर्टवरून उलटा इकडे जोडायला येतो. आतून बाहेर जाणाऱ्या एफटीपीला हेल्परची खरी गरज इथे आहे. त्याच्याशिवाय पुण्याचा सर्व्हर १९२.१६८.१०.४० शोधत बसतो.

हेल्परच्या रूलमध्ये मी सुरुवातीला बाहेरचं कार्ड लिहिलं होतं, आतल्या कार्डासाठी तोच रूल पुन्हा दिला. स्कॅनर पहिल्या पानावर थांबला. बाहेरच्या बाजूच्या टीसीपीडम्पमध्ये मजकूर बरोबर बदललेला दिसत होता, पुण्याहून २० वरून जोडणी येतही होती, आणि फॉरवर्डमध्ये गळत होती. 'रिलेटेड'ची परवानगी सर्व्हरच्या पत्त्यापुरतीच लिहिली होती. ती अट काढली. हा रूल पत्त्याला बांधायचं कारणच नाही, अपेक्षा आधीच एका पत्त्या-पोर्टापुरती असते.

जुन्या अंकांची जवळजवळ दोनशे पानं संध्याकाळपर्यंत गेली.

४ आणि ५ सप्टेंबर

मुंबईच्या एका जाहिरात संस्थेने कळवलं की त्यांच्या नियमाप्रमाणे पासवर्ड उघडा जाता कामा नये, टीएलएस (जोडणीवरचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन) हवं. मागणी रास्त आहे. साध्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड वाटेतल्या कुणालाही वाचता येतात, मलाही टीसीपीडम्पमध्ये सगळ्यांचे दिसत होते. प्रमाणपत्र बसवलं, व्हीएसएफटीपीडीमध्ये टीएलएस चालू केलं, पोर्ट २१ च राहिलं.

मुंबईहून लॉगिन झालं आणि यादीवर थांबलं, पुन्हा २१ ऑगस्टसारखं.

टीएलएस चालू झाल्यावर २१ वरचं बोलणं गेटवेला वाचताच येत नाही. वाचता येत नाही म्हणून बदलताही येत नाही, अपेक्षाही नोंदवता येत नाही. याला गेटवेकडे उपाय नाही, आणि नसावाच. ज्याला वाटेत कुणी बदलू शकतं त्या कुलपाचा उपयोग काय. पत्ता सर्व्हरनेच बरोबर सांगायला हवा.

व्हीएसएफटीपीडीच्या सेटिंगमध्ये पीएएसव्ही-ॲड्रेस म्हणून ओळ आहे, तिथे २०३.०.११३.७ लिहिलं. रात्र झाली होती, पोर्टांचा पट्टा सकाळी वळवू म्हणून थांबलो. (व्हीएसएफटीपीडीच्या फाइलीत बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा चालत नाही, सर्व्हर सुरूच होत नाही.)

सकाळी टीएलएसवाले तर अडलेलेच होते, पण कालपर्यंत सुरळीत असलेली साध्या एफटीपीची गिऱ्हाइकंही अडली. या एका गोष्टीसाठी या सगळ्या नोंदी लिहाव्याशा वाटल्या, कारण ती कुठे लिहिलेली सापडली नव्हती आणि मॉड्यूलचा कोड उघडून बघावा लागला. हेल्पर २२७ चं उत्तर वाचतो तेव्हा त्यातला पत्ता आणि ते पॅकेट ज्या मशीनकडून आलं तिचा पत्ता एकच आहे का, हे तपासतो. पॅकेट येतंय १९२.१६८.१०.५ कडून, आत लिहिलंय २०३.०.११३.७. जुळत नाही. मग हेल्पर समजतो की सर्व्हर तिसऱ्याच मशीनकडे बोट दाखवतोय, आणि अपेक्षा न नोंदवता पॅकेट जसंच्या तसं सोडून देतो. गेटवेने पत्ता बदलणं आणि सर्व्हरने बाहेरचा पत्ता सांगणं हे दोन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत, एकत्र ठेवले की पहिला गप्प होतो. 'लूज' नावाचा एक पर्याय मॉड्यूलला आहे, तो ही तपासणी ढिली करतो. पण त्याने सर्व्हरला जोडणी भलत्याच मशीनकडे वळवायची मुभा मिळते, म्हणून त्याला हात लावला नाही.

मग वाटणी अशी केली. बाहेरून आत येणाऱ्या एफटीपीची सगळी जबाबदारी सर्व्हरची: तो बाहेरचा पत्ता सांगतो, पॅसिव्हचा पट्टा ५०,००० ते ५०,१०० असा बांधलेला, आणि तो पट्टा २१ सोबत गेटवेवरून सर्व्हरकडे कायमचा वळवलेला. या दिशेचा हेल्परचा रूल पुसून टाकला. आतून बाहेर जाणाऱ्या एफटीपीला, म्हणजे स्कॅनरला, हेल्पर. तोही आतल्या कार्डावरून आणि फक्त १९२.१६८.१०.४० कडून आलेल्या जोडणीलाच.

दुपारी साधे आणि टीएलएसवाले दोन्ही चालू झाले. एकाच गिऱ्हाइकाला ५२२ ची चूक यायला लागली. व्हीएसएफटीपीडी मुळात अशी अट घालतो की दुसऱ्या जोडणीने पहिलीचंच टीएलएस सत्र पुढे वापरावं. त्याने दुसरंच कुणी मध्ये घुसून फाइल पळवण्याला आळा बसतो. त्या गिऱ्हाइकाचं क्लायंट जुनं, त्याला हे जमत नाही. अट सगळ्यांसाठी काढायची माझी इच्छा नव्हती. त्यांना नवं क्लायंट बसवून दिलं, फोनवरून अर्धा तास.

९ सप्टेंबर

गणपतीची धामधूम, त्यात वीज गेली. तासाभराने आली तेव्हा गेटवे उठला आणि एकही रूल नव्हता. डेबियनमध्ये एनएफटेबल्सची सेवा बूटवेळी आपोआप चालू होत नाही, ती सक्षम करावी लागते. सक्षम केली. दोन्ही मॉड्यूलांची नावं बूटवेळी चढवायच्या फाइलीत लिहिली, फॉरवर्डिंगचा सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) कायमच्या फाइलीत टाकला. मग मुद्दाम मुख्य बटण बंद करून चालू केलं आणि सगळं तपासलं. असं मुद्दाम बंद करून बघणं पहिल्या आठवड्यातच करावं, ऐन सणात विजेने करून दाखवायची वाट बघू नये.

यूपीएसची बॅटरी बदलली, १,१५० रुपये.

१३ सप्टेंबर

एका अंकाच्या मुखपृष्ठाची टिफ, १.४ जीबी. पाठवणारे कलावंत घरून पाठवतात, त्यांच्याकडे अपलोडचा वेग ४ एमबीपीएसच्या आसपास. पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. त्यांचं म्हणणं: "शंभर टक्के होतं, मग दोन मिनिटं थांबतं, मग चूक येते आणि पहिल्यापासून सुरू होतं." इथे सर्व्हरवर बघितलं तर फाइल पूर्ण आलेली, आकार बाइटला बाइट जुळतोय. आणि बघता बघता तीच फाइल शून्यावर जाऊन परत वाढायला लागली.

प्लेट रूममधलं सॉफ्टवेअर आलेली फाइल त्या फोल्डरमधून उचलतं. दुसऱ्या फेरीत त्याने अर्धी फाइल उचलली. चारी रंगांच्या प्लेटा निघाल्यावर ऑपरेटर काकांना खालचा भाग कोरा दिसला. चार प्लेटा वाया, साधारण बाराशे रुपये. त्यांनी मशीनवर चढवायच्या आधी बघितलं म्हणून कागद वाचला.

कारण पहिल्या जोडणीत होतं. दुसरीवरून फाइल धावत असते तेवढा वेळ पहिलीवर पूर्ण शांतता असते. लिनक्सचा कॉनट्रॅक अशी शांत जोडणी मुळात पाच दिवस धरून ठेवतो, त्यामुळे आमच्या गेटवेवर ती शाबूत होती. नॅटने टीसीपीची जोडणी निदान दोन तास चार मिनिटं तरी धरावी असं मानक आहे. घरगुती राउटर ते पाळतातच असं नाही. कलावंतांच्या घरच्या राउटरने नोंद पुसली, सर्व्हरचं 'फाइल मिळाली' हे २२६ चं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

त्यांच्या राउटरमध्ये ही मुदत बदलायची सोय नाही. क्लायंटमध्ये 'जोडणी जिवंत ठेव' असा पर्याय आहे, पण तो फाइल जात नसतानाच कमांड पाठवतो, मध्ये नाही. राहिलं टीसीपीचं स्वतःचं कीपअलाइव्ह (शांत जोडणीवर अधूनमधून रिकामं पॅकेट पाठवणं). व्हीएसएफटीपीडी ते पहिल्या जोडणीवर चालू ठेवतो. एसएस या जोडण्या दाखवणाऱ्या कमांडमध्ये टायमर दाखवायचा पर्याय लावला तर पुढे कीपअलाइव्ह आणि उरलेला वेळ दिसतो, तो होता जवळजवळ दोन तास. लिनक्सची मूळ मुदत ७,२०० सेकंद. सर्व्हरवर ती २४० केली. गेटवेवर करून उपयोग नाही, जोडणीची टोकं तिथे नाहीत. कलावंतांना नव्याने लॉगिन करायला लावून पुन्हा पाठवायला सांगितलं. टायमर दर चार मिनिटांनी शून्यावर येऊन परत सुरू होताना समोर बसून बघत होतो. फाइल पोचली, २२६ पोचलं, दुसरी फेरी सुरू झाली नाही.

अर्ध्या फाइलीचा धोका मात्र वेगळा आहे, तो कुठल्याही कारणाने परत येऊ शकतो. म्हणून आता गिऱ्हाइकांच्या फोल्डरमधून प्लेट रूमचं सॉफ्टवेअर थेट काही उचलत नाही. दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट बघते: फाइलीचा आकार पाच मिनिटांत बदलला नसेल आणि ती कुणाच्या हातात उघडी नसेल, तरच ती उचलायच्या फोल्डरमध्ये सरकवते. पाच मिनिटांचा उशीर काकांना चालतो, त्यांनीच सांगितलं.

२४ सप्टेंबर

प्लेट रूममधलं आणखी एक जुनं मशीन सर्व्हरवरून फॉन्ट आणि प्रोफाइलच्या फाइली एफटीपीनेच ओढतं. ५ तारखेनंतर ते बंद पडलं होतं, आज कुणीतरी सांगितलं. सर्व्हर आता सगळ्यांनाच २०३.०.११३.७ सांगतो, आतल्या मशीनलाही. ते बिचारं आतून बाहेरच्या पत्त्यावर जातं, आणि पट्टा वळवायचा रूल बाहेरच्या कार्डापुरताच आहे.

त्याच जागेवरून मी कर्ल या कमांडने तपासलं तर सगळं चालत होतं आणि त्यामुळे थोडा वेळ भलत्याच दिशेने शोधत राहिलो. कर्ल आधी ईपीएसव्ही ही नवी कमांड वापरतं. १९९८ साली आलेल्या या कमांडच्या उत्तरात फक्त पोर्ट असतो, पत्ता नसतोच. क्लायंट आधीच्याच पत्त्यावर जातं. नॅटच्या दृष्टीने सगळ्यांनी हीच वापरावी इतकी ती सोयीची आहे. पण जुन्या मशीनला ती माहीत नाही. तेव्हा तपासणी ज्या क्लायंटचा त्रास आहे त्याच क्लायंटने करायची, कर्लच्या भरवशावर सर्व्हर ठीक आहे म्हणायचं नाही.

दोन वाटा होत्या. गेटवेवर आतून बाहेरच्या पत्त्यावर येणारी जोडणी परत आत वळवायची. त्यात गेटवेने स्वतःचा पत्ता लावावा लागतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळे आतले एकाच पत्त्याचे दिसतात. दुसरी वाट, सर्व्हरवर व्हीएसएफटीपीडीची दुसरी प्रत २१२१ नंबरच्या पोर्टवर चालवायची, वेगळी सेटिंग फाइल, बाहेरच्या पत्त्याची ओळ नाही, पोर्टांचा पट्टा वेगळा, ५१,००० पासून. ही घेतली. गेटवेवरून २१२१ कुठेच वळवलेलं नाही, त्यामुळे ते बाहेरून दिसत नाही.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. अंकांची पानं आता रोज येतायत, आठवडाभर एकही अडकल्याचा फोन नाही.

गेटवेवर आज असलेलं एफटीपीपुरतं सगळं: बाहेरून २१ आणि ५०,००० ते ५०,१०० सर्व्हरकडे, स्कॅनरकडून बाहेर जाणाऱ्या २१ ला हेल्पर, क्रम ०, फॉरवर्डमध्ये 'एस्टॅब्लिश्ड' (आधीच जुळलेल्या) आणि 'रिलेटेड'ला परवानगी, वळवलेल्या जोडण्यांना परवानगी, बाहेरून आलेलं बाकी सगळं बंद. सर्व्हरवर: बाहेरचा पत्ता, तोच पट्टा, टीएलएस, कीपअलाइव्ह २४० सेकंद, आतल्यांसाठी २१२१ वरची दुसरी प्रत. सामान, बॅटरी आणि स्थिर पत्ता धरून ४,४०० रुपये आणि पत्त्यावरचा कर, वाया गेलेल्या प्लेटा वेगळ्या.

राहिलेलं एकच. अजून काही गिऱ्हाइकं टीएलएसशिवाय येतात, त्यांतला एक विंडोजच्या जुन्या कमांडवरून पाठवतो, त्या कमांडला पॅसिव्ह येतच नाही. सर्व्हर २० वरून त्याच्याकडे उलटा जोडतो आणि त्याच्या राउटरमध्ये हेल्पर आहे म्हणून चालतं. दिवाळी झाली की त्याला फाइलझिला बसवून देईन आणि साधं लॉगिन पूर्ण बंद करीन. मालकांनी १५ नोव्हेंबर तारीख दिलीय, गिऱ्हाइकांना तसे निरोप आजच गेले.